फौजी कागदपत्रं : नाव चुकलंय, मेडल राहिलंय, आता काय करायचं?

मागच्या अंकात फौजी फॅमिली पेन्शनवर लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली पण निम्म्याहून जास्त पत्रांत पेन्शनपेक्षा कागदांचंच दुखणं होतं, कुणाचं नाव चुकीचं, कुणाच्या आईची जन्मतारीखच नाही, कुणाच्या वडिलांनी लढाई लढली पण त्याचं मेडल रेकॉर्डवर चढलेलंच नाही. मी फौजेत क्लार्क होतो, हीच कामं केली आहेत, म्हणून यावेळी सगळा कॉलम याच प्रश्नांना. पत्रं लांब होती, थोडी कापली आहेत आणि नावं काढली आहेत.

प्रश्न : माझे बाबा तोफखान्यात होते. १९७१ च्या लढाईत छांब सेक्टरला होते, तिथे पायाला छर्रे लागले, मग बरेच महिने हॉस्पिटल आणि तिथून दुसरीकडेच पोस्टिंग, जुन्या युनिटमध्ये परत गेलेच नाहीत. त्यांच्या डिस्चार्ज बुकात संग्राम मेडल आहे पण पश्चिमी स्टार नाही, जखमेचं मेडलही नाही. त्यांच्या सोबतच्या लोकांना मिळालं आहे. बाबा म्हणतात राहू दे, आता कशाला. एका ओळखीच्यांनी सांगितलं इतक्या वर्षांनी काही होत नाही. त्यातून बुकात नाव डीएनवायवालं ज्ञानेश्वर आहे आणि आधारवर जीवायवालं, त्यामुळे स्पर्शवर, म्हणजे फौजी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर, पण गडबड आहे. काय करावं?
— एक मुलगी, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ताई, आधी ते "इतक्या वर्षांनी काही होत नाही" डोक्यातून काढून टाका. मेडल दोन तऱ्हेची असतात. शौर्याचं मेडल सरकार देतं, ते मागता येत नाही. पण लढाईचं आणि सेवेचं मेडल हे हक्काचं असतं, अट पूर्ण झाली की ते त्या माणसाचं झालं, मग ते छातीवर लागलेलं असो नाहीतर नसो. संग्राम मेडल ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात सेवेत असलेल्यांना आहे. पश्चिमी स्टार मात्र पश्चिमेच्या लढाईच्या इलाक्यात असलेल्यांना, तसाच पूर्वेकडच्यांना पूर्वी स्टार. म्हणजे तुमच्या बाबांचं संग्राम मेडल बरोबर चढलंय कारण ते त्या काळात सेवेत असलेल्यांसाठी होतं, आणि स्टार राहिला कारण तो युनिटने नावांची यादी पाठवून मागवायचा होता आणि यादी बनली तेव्हा बाबा हॉस्पिटलमध्ये होते किंवा युनिटच्या हिशेबातून गेलेले होते. जखमी होऊन मागे आलेल्या जवानांच्या बाबतीत हे फार वेळा झालंय. ज्याने सर्वात जास्त सोसलं त्याचंच नाव यादीतून गळतं, हे मला तेव्हाही फार लागायचं आणि आजही लागतं.

आता काम काय करायचं ते बघा. डिस्चार्ज बुक घ्या आणि मेडलच्या पानावर लगेच जाऊ नका, आधी सेवेची पानं बघा. कुठल्या तारखेला कुठल्या युनिटमध्ये होते, कधी हॉस्पिटलला ॲडमिट, कधी डिस्चार्ज, कधी पोस्टिंग, याच्या नोंदी असतात, शाई फिकी झालेली असते आणि अक्षर आखूड करून लिहिलेलं असतं म्हणून दिवसाच्या उजेडात बघा, मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघा. जिथे नोंद आहे तिथे शेजारी बहुतेक पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि साल लिहिलेलं सापडेल. हा नंबर म्हणजे तुमच्या अर्जाचा जीव. फौजेत माणसाच्या बाबतीत जे काही होतं, लग्न, मूल, जखम, पोस्टिंग, मेडल, ते सगळं पार्ट टू ऑर्डरने छापलं जातं आणि त्यावरूनच रेकॉर्डला चढतं. चूक दुरुस्त होते तीसुद्धा नवी पार्ट टू ऑर्डर निघूनच. म्हणून अर्जात "माझ्या वडिलांनी देशासाठी रक्त सांडलं" असं पानभर लिहिण्यापेक्षा, ते खरं असलं तरी, एवढंच लिहा की अमुक आर्मी नंबर, अमुक रँक, या तारखेपासून या तारखेपर्यंत या युनिटसोबत छांबला होतो, या तारखेला जखमी झालो, या हॉस्पिटलला दाखल झालो, पार्ट टू ऑर्डरचा नंबर हा, पश्चिमी स्टार आणि जखमेचं मेडल, ज्याला फौजेत सगळे वूंड मेडल म्हणतात, ते रेकॉर्डवर नाही, कृपया तपासून चढवावं आणि द्यावं. अर्जावर सही बाबांची, तुमची नाही. ते हयात असताना मुलीच्या सहीचा अर्ज गेला तर तो परत येतो.

तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला आहे. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची कॉपी, फक्त मेडलच्या पानाची नाही. पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची कॉपी, माजी सैनिकाचं ओळखपत्र, आधार. जखमेचे काही कागद, हॉस्पिटलची चिठ्ठी, मेडिकल बोर्डाचा कागद, काही असेल तर तेही. आणि अर्ज थेट पाठवलात तरी चालतो पण इंदूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र जोडून गेलं तर बरं, तिथे कागद बघून शिक्का मारतात आणि काय कमी आहे ते आधीच सांगतात.

सोबतचे जे अजून आहेत त्यांपैकी कुणी लेखी द्यायला तयार असेल तर घ्या, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका, रेकॉर्डवाले कागदाशी कागद जुळवतात. सोबत्याच्या पत्राचा उपयोग एवढाच की त्यात त्याचा आर्मी नंबर आणि त्याला मिळालेला स्टार असेल तर युनिट त्या इलाक्यात होतं हे शोधायला त्यांना सोपं जातं.

आणि बाबांना बसवून सगळं बोलून घ्या ताई. कुठल्या बॅटरीत, म्हणजे तोफांच्या तुकडीत होते, बॅटरी कमांडर कोण, कुठल्या हॉस्पिटलला नेलं, तिथून कुठे हलवलं. हे त्यांच्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. ते "राहू दे" म्हणतात ना, माझ्या अनुभवात हे म्हणणारे बहुतेकजण आतून फार दुखावलेले असतात, मेडल आलं की त्यांचा चेहरा बघा. शिवाय जखमेची नोंद नीट निघाली तर वॉर इंज्युरीच्या पेन्शनचा विषयसुद्धा वेगळा काढून बघता येतो, त्याचा पहिला पुरावा तोच.

नावाचं. इथे माझं मत जरा वेगळं आहे. आपल्याकडे मध्यप्रदेशात आधार बनवताना ऑपरेटर हिंदीच्या सवयीने ग्यानेश्वर असंच टाईप करतो, आणि फौजेत भरतीला मराठी कागद असल्याने डीएनवाय लागलेलं असतं. विठ्ठलचं बिठ्ठल होतं, भाऊराव एक शब्द होता त्याचे दोन शब्द होतात, मधलं वडिलांचं नाव गळतं नाहीतर तेच आडनाव बनून बसतं. लोक लगेच रेकॉर्ड ऑफिसला लिहितात की आधारप्रमाणे करा. कशाला? फौजेचं नाव बरोबर आहे, तेच पीपीओवर आहे, तेच डिस्चार्ज बुकात आहे, मग आधार आणि पॅन बदला ना. आधारमधलं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं तेवढं लक्षात ठेवा, म्हणून स्लिप छापून झाल्यावर घाईत सही करू नका, एकेक अक्षर वाचून बघा. आधार, पॅन, बँक या तिन्ही ठिकाणी पीपीओसारखंच नाव झालं की स्पर्शवरची अडचण बरीचशी तिथेच सुटते. रेकॉर्ड बदलायला तेव्हाच जा जेव्हा रेकॉर्डवरचं नावच चुकीचं आहे.

प्रश्न : माझ्या आईचं माहेरचं नाव कुसुम, लग्नात आजीने सुनंदा ठेवलं. बाबांनी लग्नाची नोंद केली तेव्हा कुसुम लिहून दिलं कारण लग्नपत्रिकेवर तेच होतं. आता आधार, बँक, मतदार कार्ड सगळीकडे सुनंदा. पीपीओवर तर फक्त कुसुम आहे, जन्मतारीख नाहीच. बाबा आहेत पण त्यांना हृदयाचा त्रास आहे. हे किती गंभीर आहे?
— लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : फार गंभीर आहे दादा, आणि या महिन्यातच हातात घ्या. आपल्या मराठी घरांत लग्नात मुलीचं नाव बदलायची जी रीत होती तिने किती विधवा आयांना पेन्शनसाठी बँकेत आणि ऑफिसात उभं केलंय ते मी बघितलंय. एखाद्या सकाळी घरात दुःख होतं, तेरावा होतो, आणि मग कळतं की कागदावर ज्या बाईला पेन्शन मिळायची ती कुसुम आहे आणि समोर बसलेली बाई सुनंदा आहे. त्या वेळी तिला सिद्ध करावं लागतं की ती तीच आहे, आणि ज्याने एका सहीत हे सांगितलं असतं तो गेलेला असतो.

बाबा हयात आहेत म्हणजे काम सोपं आहे. अर्ज बाबांच्या सहीने त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला. मॅजिस्ट्रेटसमोरचं ॲफिडेव्हिट की कुसुम आणि सुनंदा या एकच व्यक्ती, लग्नाची तारीख, आईची जन्मतारीख, मुलांची नावं. नाव बदलल्याची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत, एक इंग्रजी आणि एक तिथल्या भाषेतलं, ग्वाल्हेरला म्हणजे हिंदी पेपर, आणि कात्रण नाही तर त्या दिवसाचं पूर्ण पान जोडा म्हणजे तारीख आणि पेपरचं नाव दिसतं. दोघांचा सोबतचा फोटो, आधार, पॅन, पीपीओ. रेकॉर्ड ऑफिसप्रमाणे एखादा कागद जास्त लागू शकतो म्हणून अर्ज पाठवायच्या आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्या रेजिमेंटचा नमुना मागून घ्या. जुनी लग्नपत्रिका असेल तर ती सोन्यासारखी जपा, तिची कॉपी लावा.

मग रेकॉर्ड ऑफिस पार्ट टू ऑर्डर काढतं आणि त्यावरून पीपीओची दुरुस्ती निघते, म्हणजे करिजेंडम. पार्ट टू ऑर्डर आली की काम झालं असं समजून लोक थांबतात. नाही झालं. पीपीओ बदललेली दिसेपर्यंत, स्पर्शवर लॉगिन करून आईचं नाव आणि तारीख डोळ्याने बघेपर्यंत पाठ सोडायची नाही.

जन्मतारखेला लोक किरकोळ समजतात. ८० वर्षं पूर्ण झाली की पेन्शन २० टक्के वाढते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला दुप्पट. फॅमिली पेन्शनलाही हेच लागू आहे. आईची तारीखच रेकॉर्डवर नसेल तर सिस्टीमला कसं कळणार की म्हातारी ऐंशीची झाली? पैसे अडकतात आणि थकीत मिळवायला पुन्हा तोच कागदांचा फेरा. तारीख आत्ताच भरून घ्या, आणि शाळेचा दाखला नसेल तर आधारवरची तारीख आणि ॲफिडेव्हिटमधली तारीख एकच ठेवा, इथे एका दिवसाचाही फरक नको.

एक मात्र सांगून ठेवतो, सैनिकाची स्वतःची जन्मतारीख हा वेगळा विषय आहे. भरतीच्या वेळी जी लागली ती लागली, रिटायर झाल्यावर ती बदलून मिळेल या आशेवर पैसे आणि वेळ घालवू नका.

प्रश्न : आमचे आजोबा होळकरांच्या फौजेत होते, नंतर हिंदुस्थानच्या फौजेत गेले आणि पेन्शन व्हायच्या आत सोडून घरी आले. घरात एक फोटो आहे आणि दोन मेडल, रिबन फाटलेली. त्यांचं रेकॉर्ड कुठे मिळेल? आम्हाला पैसे नकोत, फक्त माहिती पाहिजे.
— रामबाग, इंदूर

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. १९४८ साली मध्यभारत राज्य झालं, मग संस्थानांच्या फौजा भारतीय सेनेत मिसळल्या, आणि इंदूरची पायदळ पलटण कुमाऊँ रेजिमेंटमध्ये गेली. आजही तिचं नाव १५ कुमाऊँ, आणि कंसात इंदूर लिहितात. तशीच ग्वाल्हेरची एक पलटण १४ कुमाऊँ (ग्वाल्हेर) झाली. इंदुरातल्या किती घरांत माहीत आहे की या शहराच्या नावाची पलटण अजून फौजेत आहे? शाळेत सांगायला पाहिजे हे. तेव्हा आजोबा त्या पलटणीतून गेले असतील तर लिहायचं ठिकाण म्हणजे कुमाऊँ रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस, रानीखेत, उत्तराखंड. तोफखाना किंवा घोडदळात असतील तर ठिकाण बदलेल, म्हणून आधी मेडल बघा.

मेडलची कडा बघा. भिंगाने बघा. त्या काळच्या बऱ्याच मेडलच्या कडेवर नंबर, रँक, नाव आणि पलटण आखूड अक्षरांत कोरलेली असते. पॉलिश लावून घासू नका, अक्षरं झिजतात, कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि बाजूने टॉर्च धरून फोटो काढा, तिरक्या उजेडात अक्षर उठून येतं. नंबर मिळाला तर निम्मं काम झालं, कारण रेकॉर्डमध्ये माणूस नावाने नाही, नंबराने सापडतो. एका रजिस्टरमध्ये एकाच नावाचे किती तरी शिंदे आणि पवार असतात.

आता खरं बोलतो. पेन्शन न घेता घरी आलेल्या सैनिकाची फाईल, ज्याला शीट रोल म्हणतात, ती २५ वर्षांनी नष्ट करतात, तसा नियमच आहे. म्हणजे आजोबांची फाईल बहुतेक राहिली नसणार. पण लाँग रोल नावाचं एक मोठं रजिस्टर असतं, ते कायम ठेवतात, त्यात माणसाची एक ओळ असते, नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव, भरती आणि सुटण्याची तारीख असं थोडक्यात. "रेकॉर्ड नष्ट झालंय" असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका, दुसऱ्या पत्रात स्पष्ट लिहा की लाँग रोलमधल्या नोंदीची प्रत द्यावी. बरेच लोक पहिल्या उत्तरावरच हात टेकतात. जुन्या काळी गावाचं नाव जसं ऐकलं तसं लिहायचे, तेव्हा मूळ गाव, परगणा, आणि आजोबांच्या वडिलांचं नाव हे सगळं अर्जात द्या.

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाला कमांडिंग ऑफिसरने सांगितलं होतं की तुझं नाव सेना मेडलसाठी पाठवलंय. कारगिलच्या वेळची गोष्ट. आलं नाही. आता अर्ज करता येईल?
— वडोदरा

उत्तर : नाही. नाव पाठवणं वेगळं आणि मिळणं वेगळं. शौर्याची मेडलं २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला जाहीर होतात आणि गॅझेटमध्ये छापून येतात, गॅझेटमध्ये नाव असेल आणि रेकॉर्डवर नसेल तरच दुरुस्तीचा अर्ज चालतो. पण भाऊ त्या वेळी कारगिलच्या इलाक्यात होते तर ऑपरेशन विजय स्टार चढलाय का बघा, आणि ९,००० फुटांवर १८० दिवस काढले असतील तर हाय अल्टिट्यूड मेडल. श्रीलंकेत होते का? १९८७ ते १९९० मध्ये तिथे गेलेल्यांना स्पेशल सर्व्हिस मेडल आहे. २००१-०२ मध्ये फौज सीमेवर लागली होती त्याचं ऑपरेशन पराक्रम मेडल. १५ ऑगस्ट १९९७ ला सेवेत होते तर स्वातंत्र्याच्या ५० वर्षांचं मेडल. ९ वर्षांचं आणि २० वर्षांचं लाँग सर्व्हिस. हे सगळं मोजून बघा, एखादं तरी राहिलेलं सापडतंच, आणि ते त्यांचं आहे.

प्रश्न : अर्ज पाठवून बरेच दिवस झाले, उत्तर नाही, फोन कुणी उचलत नाही. आता काय?
— महू

उत्तर : साहेब, फोन सोडा, फोनचा कागद बनत नाही. एक स्मरणपत्र स्पीड पोस्टाने, जुन्या अर्जाची कॉपी आणि त्याची पावती जोडून. त्यावर पण शांतता असेल तर माहितीचा अधिकार (आरटीआय), फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. पण त्यात "माझं काम का केलं नाही" असं विचारू नका, तो प्रश्न नाही, तक्रार आहे. विचारा की माझ्या या तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली त्याची प्रत द्या, माझ्या नावावर निघालेल्या सगळ्या मेडलच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत द्या, शीट रोलच्या या पानाची प्रत द्या. स्वतःची माहिती आहे, नाही म्हणायला जागा नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर पहिलं अपील. बहुतेक वेळा फाईल इथेच हलते, कारण आरटीआयला तारीख लागलेली असते.

आणि लेखी नकार आला तर घाबरू नका, उलट तो जपा. त्यावरच आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे फौजींच्या तक्रारींसाठीच्या न्यायाधिकरणात जाता येतं, मध्यप्रदेशसाठी बेंच जबलपूरला आहे आणि वडोदऱ्याच्या वाचकांसाठी मुंबईला. सहा महिन्यांची मुदत असते तेव्हा नकाराचं पत्र कपाटात पडून राहू देऊ नका. पण नुसत्या मेडलसाठी ट्रिब्युनल गाठायची वेळ माझ्या बघण्यात क्वचितच आली, पेन्शन अडकली असेल तर मात्र जा.

प्रश्न : बाबांची मेडलं घर बदलताना हरवली. परत मिळतात का? ते एअर फोर्समध्ये होते.
— मुरार, ग्वाल्हेर

उत्तर : पोलिसांत हरवल्याची नोंद करा, ॲफिडेव्हिट करा आणि एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस, सुब्रोतो पार्क, नवी दिल्ली इथे अर्ज करा, पैसे भरून डुप्लिकेट मिळायची सोय आहे. नौदलवाल्यांनी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पला, ब्युरो ऑफ सेलर्सला लिहावं. छावणीच्या बाजारात मिलिटरी टेलरकडे रिबनसकट नक्कल मिळते, समारंभाला लावायला ती घेतली तर त्यात गैर काही नाही, पण घेताना डिस्चार्ज बुक सोबत न्या आणि जी मेडलं त्यात लिहिली आहेत तीच आणि त्याच क्रमाने लावून घ्या.